मीटरबाईंचा कर

बावीस वर्षं गॅस कंपनीची मीटरं वाचली की माणसाच्या पदरात दोन गोष्टी पडतात, गुडघेदुखी आणि ओळख. मीटरबाईंच्या पदरात दोन्ही भरभरून पडल्या होत्या. त्यांचं खरं नाव मतदारयादीत होतं, बाकी अख्ख्या वॉर्डाला त्या मीटरबाई. पोरंटोरं मीटरबाई म्हणायची, पोरांचे आजोबा म्हणायचे, आणि घरात खटका उडाला की यजमानही म्हणायचे. यजमान पोस्टात सॉर्टिंगला होते. दिवसभर पत्रं हाताळून त्यांना बोलायचा कंटाळा आलेला असे, त्यामुळे घरातलं बोलणं सगळं मीटरबाईंच्या वाट्याला.

मीटर वाचायला जाणाऱ्याच्या हातात कंपनीचा एक तक्ता असतो. त्यात शेवटचा रकाना ‘घर बंद’ असा. दार उघडलं नाही तर त्या रकान्यात फुली मारायची आणि पुढे जायचं. मग ऑफिसातले लोक मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढतात आणि तेवढं बिल त्या घराला पाठवतात. आता हा रकाना म्हणजे कामचुकारांना आयतं कुरणच की! निम्मे वाचणारे चहाच्या दुकानात बसून अख्ख्या इमारतीला फुल्या मारायचे. चौथ्या मजल्याला तर जन्मात कुणी हाडामांसाचा मीटरवाला पाहिला नव्हता.

मीटरबाईंनी बावीस वर्षांत एकही फुली मारली नाही. दार बंद असलं तर संध्याकाळी परत जायचं, तरी बंद असलं तर सकाळी. ही खोड त्यांना त्यांच्या गुरूने लावली. गुरू म्हणजे कंपनीतला एक थोराड, मिशाळ मीटरवाला, वॉर्डातली सगळी कुत्री ज्याला ओळखत. पहिल्या दिवशी त्याने मीटरबाईंना एवढंच सांगितलं होतं, "ज्या घरात आपण गेलो नाही, त्या घराबद्दल आपल्याला काहीही माहीत नाही. पुढचं शिकशील हळूहळू."

एकदा एका म्हाताऱ्याच्या घरी त्या सहा वेळा गेल्या. दर वेळी दार बंद. सहाव्यांदा भल्या पहाटे जाऊन त्यांनी दारावर असा काही दणका दिला की शेजारपाजारचे बाहेर आले, आणि सगळ्यात शेवटी म्हातारा. बिचारा ठार बहिरा होता. आत जाऊन मीटर पाहिलं तर काटा सात महिन्यांत जेमतेम हललेला. आधीच्या वाचणाऱ्याने फुल्या मारल्या होत्या, आणि सरासरी निघत होती ती म्हातारी हयात असतानाची. "ती गेल्यापासून मी फक्त चहा करतो," म्हातारा म्हणाला. बाई त्याच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून रडल्या आणि दुपारी कंपनीत जाऊन साहेबाशी कडाकडा भांडल्या. म्हाताऱ्याला सगळे पैसे परत मिळाले.

ही गोष्ट वॉर्डभर झाली. पक्षाच्या अध्यक्षांच्या कानावरही गेली. नगरपालिकेच्या निवडणुकीत त्यांना या वॉर्डासाठी उमेदवार सापडत नव्हता. ते स्वतः जिना चढून आले, बाईंच्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला प्रचाराची गरज नाही. तुम्ही बावीस वर्षं प्रचारच करताय." खरंच होतं ते. बाई दणक्यात निवडून आल्या.

त्या विजयात धाकट्या भावाचा वाटा मोठा. त्याला सगळे बारक्या म्हणत. आता बारक्या पंचेचाळीस वर्षांचा, शंभर किलोचा गडी होता, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि बाई चौदा. त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं बाईंनीच केलं. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून त्याला एक इस्त्री घेऊन दिली. त्या इस्त्रीची पुढे लाँड्री झाली. कोळशाचा बॉयलर, चादरी पिळणारे मोठे रूळ, दोन हॉस्पिटलांचं आणि पाच हॉटेलांचं काम, हाताखाली अकरा माणसं. वर स्वतःचं घर. त्या गल्लीचं नावच लाँड्री गल्ली पडलं. बावन्न घरं, आणि निम्म्याअधिक घरांचा चरितार्थ या ना त्या नात्याने बारक्याच्या बॉयलरवर. निवडणुकीत त्याने बाद झालेल्या हॉस्पिटलच्या चादरींवर ताईचं नाव रंगवलं आणि कपड्यांच्या गाडीवर भोंगा बांधून स्वतः ओरडत फिरला. घसा बसला तो महिनाभर उठला नाही.

बाई नगरसेविका झाल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गुरू गेला. निवृत्तीला चार महिने उरले होते. भर दुपारी पाचव्या मजल्याच्या जिन्यात बसला तो बसलाच. डॉक्टरांनी कागदावर उष्माघात लिहिलं. त्याच्या बायकोने बाईंना त्याची पिशवी दाखवली. तिच्यात एक जाड वही होती. दर महिन्याला सगळ्या वॉर्डाने किती गॅस जाळला आणि त्या महिन्यातला सगळ्यात गरम दिवस किती गरम होता, एवढंच त्या वहीत. तीस वर्षांचं. का लिहीत होता, देव जाणे. दोन्ही रकाने पान उलटावं तसे वर चढत गेले होते.

एका वॉर्डाच्या गॅसने जगाचा उन्हाळा वाढत नाही, एवढं बाईंनाही कळत होतं. त्या काही खुळ्या नव्हत्या. पण असे किती वॉर्ड, किती गावं, आणि प्रत्येक जण म्हणणार, माझ्या एकट्याने काय होतंय! त्याच सुमारास सरकारचं एक पत्रक नगरपालिकेत आलं होतं. ज्या नगरपालिकेला कार्बन कर लावायचा असेल तिने लावावा, लावला तर सरकार पाणीयोजनेला मोठं अनुदान देईल. पत्रक तीन महिने खिडकीत ऊन खात पडलं होतं. बाईंनी ते घरी नेलं आणि मीटर वाचावं तसं वाचून काढलं.

त्यांनी ठराव लिहिला तो सरळ होता. कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस, जो जितका जाळेल आणि त्यातून जितका कार्बन हवेत जाईल, तितका कर. आणि गोळा झालेली सगळी रक्कम घराघरांत सारखी वाटून परत. म्हणजे जो कमी जाळतो त्याच्या हातात उलट चार पैसे जास्तच उरणार. ज्याच्याकडे दोन मोटारी, त्याचे जाणार.

"परत कसे देणार?" यजमानांनी विचारलं. त्या दिवशीचं त्यांचं ते पहिलंच वाक्य होतं.

"गॅसच्या बिलातून वळते करायचे. मागच्या पानावर, शेवटची ओळ."

"अगं, बिलाचं मागचं पान कोण बघतं?"

"सगळे बघतात! बावीस वर्षं दारात उभी राहिलेय मी. बिलातल्या टिंबटिंबावरून भांडलेत लोक माझ्याशी."

"वेगळं पाकीट पाठव. वर लिही, आत तुमचे पैसे आहेत. लोक तेवढं फोडतात."

"म्हणजे तुमच्या खात्याचा धंदा होणार, आणि टपालखर्च लोकांच्या माथी. काही नको."

इथे बाई चुकल्या, आणि अशी चूक फक्त मीटर वाचणारीच करू जाणे. बिल हातात घेऊन दार उघडणारे जे लोक, तेवढेच त्यांच्याशी बोलायचे. बाकीचे मुकाट्याने मीटर दाखवायचे आणि दार लावून घ्यायचे. भांडणाऱ्यांनाच बाई गाव समजून बसल्या.

पक्षाच्या कार्यालयात अध्यक्षांनी ठराव दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, निदान घरगुती गॅस वगळा. चुलीला हात लावला की माणूस पिसाळतो."

"चुलीतलाही कार्बनच असतो साहेब. आणि परत मिळतायत की पैसे."

"मग निवडणुकीनंतर आणा. वर्षाचा तर प्रश्न आहे."

"मनात असून आत्ता लपवायचं आणि मतं घेऊन मग काढायचं? त्याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात."

अध्यक्ष मुरलेला माणूस. त्यांना पाणीयोजनेचं अनुदान हवंच होतं, फक्त कराचा डाग नको होता. त्यांनी हिशेब घातला आणि गोड हसले. "ठीक आहे. होऊन जाऊ दे. पण ठराव तुमचा, नाव तुमचं, उत्तरंही तुम्हीच द्यायची. जागा गेली तर माझ्या दारात यायचं नाही."

"नाही येणार," बाई म्हणाल्या. जागा जाऊ शकते हे त्यांना तिथेच पक्कं कळलं होतं. ती जागा त्यांना प्रिय होती, हेही सांगायला हवं. जिने चढून चढून झिजलेल्या बाईला सभागृहात खुर्ची मिळाली होती, माणसं ऐकून घेत होती. कुणाला नको असतं ते?

बारक्याला ही बातमी पेपरातून कळली. दुसऱ्या दिवशी बाई लाँड्रीत गेल्या तेव्हा तो बॉयलरसमोर उभा होता, घामाने निथळत, हातात पेपर.

"ताई, कोळशावर सगळ्यात जास्त?"

"कोळशातून सगळ्यात जास्त कार्बन निघतो रे."

"ते मला कळतं. मी शाळेत गेलो होतो, तूच घातलं होतंस. पण मला पेपरातून कळावं?"

"आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"म्हणालो असतो! आणि तू ऐकलं नसतंस. पण सांगितलं तर असतंस!"

त्याचा आवाज इतका चढला की रुळावरच्या दोन बायकांनी चादर तशीच धरून ठेवली. बाई "नवा गॅसचा बॉयलर घे, नगरपालिका कर्ज देईल" असं काहीतरी म्हणाल्या. बारक्याने पेपर चौकोनी घडी घालून कोळशाच्या ढिगावर ठेवला आणि वाफेत दिसेनासा झाला. त्यानंतर तो बाईंकडे आला नाही. बाईही गेल्या नाहीत. बारक्याची बायको वाटेत भेटली की तब्येतीची चौकशी करायची, तेवढंच.

ठराव दहा विरुद्ध नऊ मतांनी पास झाला. पाणीयोजनेच्या अनुदानाचं श्रेय अध्यक्षांनी पत्रकार परिषद घेऊन घेतलं. आणि कर? तो राहिला मीटरबाईंचा.

तसं नाव देणारा माणूस म्हणजे वॉर्डातला पेट्रोलपंपवाला. गडी हुशार. त्याने पंपावर एक हातभर उंच फळा लावला. वरच्या ओळीत आजचा भाव, आणि खाली लाल रंगात: ‘यापैकी मीटरबाईंचा कर’, आणि पुढे आकडा. आकडा काही रोज बदलत नव्हता, पण पंपवाला रोज सकाळी तो पुसायचा आणि तोच परत लिहायचा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दुसरं करायला काय असतं? तो फळा वाचतो. महिन्याभरात अख्ख्या गावाला तो आकडा तोंडपाठ झाला. मागच्या पानावरची शेवटची ओळ मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

मग बेकरीवाला. कराने त्याचा भाव चिमूटभर वाढायला हवा होता, पठ्ठ्याने मूठभर वाढवला आणि बिल फाडताना प्रत्येकाला सांगायला लागला, "मी काय करू, मीटरबाई!" एका टॅक्सीवाल्याने बाईंना ओळखलं आणि अर्ध्या रस्त्यात उतरवलं. उतरवलं ते उतरवलं, वर भाडं घेतलं! वीस वर्षं पाणी पाजणाऱ्या दारांनी त्यांना पाहून कडी लावली. बाई घरी येऊन यजमानांवर तोंडसुख घ्यायच्या, "माझं मेलीचं काय चुकलं? त्यांचेच पैसे त्यांनाच देतेय ना!" यजमान ऐकून घ्यायचे. पाकिटाचा विषय त्यांनी चुकूनही काढला नाही.

निवडणूक आली तेव्हा अध्यक्षांनी उमेदवारी बाईंनाच दिली, कारण त्या वॉर्डातून दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. समोर पेट्रोलपंपवाला. त्याची घोषणा चार शब्दांची, ‘मीटरबाईंचा कर रद्द करू.’ त्याच्याकडे गाड्या, झेंडे, भोंगे. बाईंकडे चष्मा आणि जुनी कंपनीची पिशवी. भोंग्याची गाडी या वेळी लाँड्रीच्या दारातच उभी राहिली.

वॉर्डात अडीच हजार घरं. प्रचाराला अठरा दिवस. बाई पहिल्या दिवशी पहिल्या इमारतीचा पहिला जिना चढल्या. तिसऱ्या मजल्यावर एक नर्स राहायची, नुकतीच रात्रपाळी संपवून आलेली.

"मागच्या दोन तिमाह्यांची गॅसची बिलं आहेत का?" बाईंनी विचारलं.

नर्सने शोधलं. एक सापडलं घड्याळामागे, दुसरं डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली, घड्या घालून. बाईंनी ते उलगडलं, उलटवलं, चष्मा लावला. मग नर्सला विचारून विचारून सगळं मांडलं. बसने जातेस? बसभाडं किती वाढलं? पाव किती लागतो? गाडी नाही ना? दहा मिनिटांनी आकडा निघाला. नर्सच्या हातात कर जाऊनसुद्धा वर पैसे उरत होते.

"अय्या! मग हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. मागच्या पानावर," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच तोंडून ते ऐकताना त्यांचे कान तापले. यजमानांचं म्हणणं त्यांना टेबलाच्या पायाखाली सापडलं होतं.

मग अठरा दिवस हेच. दार वाजवायचं, बिल शोधायला लावायचं, दहा मिनिटं बसायचं. ज्याचा फायदा त्याला फायदा सांगायचा, आणि ज्याचा तोटा त्याला तोटा. एका दोन मोटारींच्या माणसाला त्यांनी इतका चोख तोटा काढून दाखवला की तो लालबुंद झाला. "त्याच्याकडे तरी गप्प बसायचं," यजमान म्हणाले. पण आकडा पाहिलाय आणि सांगायचा नाही, हे बाईंना जमणारं नव्हतं.

सहाव्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. "बाई, या चालीने तुम्ही निम्मा वॉर्डसुद्धा करणार नाही. एक पत्रक छापतो. घरटी सरासरी इतके पैसे मिळतात, एवढंच लिहू. सगळीकडे एका दिवसात वाटून होतं."

"सरासरी?" बाई अशा काही म्हणाल्या की जणू साहेबांनी शिवी दिली होती. "सरासरीने कुणाचं भलं होतं साहेब? कुणाला जास्त मिळतात, कुणाचे जातात. ज्याचे जातात त्याच्या हातात हे पत्रक पडलं तर तो मला खोटारडी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल."

"बरं. मग हरा," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दिवस सरत होते. यजमान रोज सकाळी विचारायचे, "आज लाँड्री गल्ली?" बाई म्हणायच्या, "उद्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. शेवटच्या दिवशी पाच वाजता प्रचार थांबायचा होता. साडेचारला बाई लाँड्री गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. धुराड्यातून धूर निघत होता. भोंग्याची गाडी पाठमोरी उभी होती, वरच्या घराचं दार लोटलेलं. अडीच हजार दारांना न घाबरलेली बाई त्या एका दाराला घाबरली. इथे कशाला जायचं, त्यांनी मनाशी म्हटलं. बारक्याचा कोळसा महागलाय, तो पंपवाल्याचाच झाला असणार, आणि तो जिकडे तिकडे त्याची बावन्न घरं. उगाच चार माणसांत तमाशा. पलीकडच्या इमारतीत आठ घरं राहिली होती. त्या तिकडे वळल्या आणि पाच वाजायच्या आत तीन घरं केली.

अठरा दिवसांत बाराशे चाळीस घरं झाली. निकालाच्या दिवशी केंद्रावर भिंतीला लावलेला केंद्रनिहाय तक्ता बाईंनी बोट ठेवून वाचला. ज्या केंद्रांच्या इमारतींत त्या गेल्या होत्या तिथे जवळपास सगळीकडे त्या पुढे. ज्यांत गेल्या नव्हत्या तिथे पंपवाला. बाई एक्केचाळीस मतांनी पडल्या. बाहेर फटाके नव्हते, पण भोंगे पुरेसे होते. यजमानांनी त्यांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि दोघं चालत घरी आले. त्या दिवशी टॅक्सी करायची बाईंची छाती झाली नाही.

पहिले आठ दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. जागा गेली याचं दुःख त्यांना झालं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "ऊर फुटतोय माझा," त्या यजमानांना म्हणाल्या. "खुर्चीसाठी नव्हे म्हणायला हवं, पण खुर्चीसाठीसुद्धा फुटतोय."

आता गंमत ऐका. पंपवाल्याने शपथ घेतली त्याच आठवड्यात पंपावरचा फळा गायब झाला. कर रद्द करायचा तर अनुदान परत करावं लागणार, आणि पाण्याचे पाइप तर निम्मे टाकून झालेले. शिवाय बाईंनी बाराशे चाळीस घरांत बिलं उलटायला शिकवलं होतं. तिथले लोक विचारायला लागले, आमचे पैसे बंद करणार का? पंपवाल्याने एक महिना विचार केला आणि सभागृहात सुधारणा आणली. कर तसाच. फक्त परतीचे पैसे बिलातून नाहीत, दर तिमाहीला वेगळ्या पाकिटातून.

ते पाकीट एका शनिवारी यजमान स्वतः घेऊन आले. वॉर्डाची अडीच हजार पाकिटं त्यांनीच सॉर्ट केली होती. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. पाकिटावर पंपवाल्याचा हसरा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘आत तुमचे पैसे आहेत.’

बाईंनी फोटोकडे पाहिलं, यजमानांकडे पाहिलं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, खोकला लागला. यजमानही हसले, अगदी आवाज करून. हसू ओसरल्यावर बाईंच्या मनात आलं, हे बारक्याला दाखवायला हवं. ही गंमत त्याच्याइतकी कुणालाच कळणार नाही. आणि मग त्या विचारालाच घाबरून त्या रात्रभर तळमळल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. बॉयलर थंड होता. बारक्या स्टुलावर बसून रुळाचं फाटलेलं कापड शिवत होता. बाईंनी पाकीट त्याच्यापुढे धरलं. त्याने फोटो पाहिला, ओळ वाचली. आधी त्याचं पोट हललं, मग खांदे, मग स्टूल. "ताई, अगं, या माणसाने... तुझ्याच कराच्या पैशांवर..." पुढे बोलवेना. दोघं भाऊबहीण थंड बॉयलरला टेकून लहानपणी हसायची तशी हसली. बारक्याची बायको चहा ठेवून गेली, तरी हसणं चालूच.

चहा संपला तसा बारक्या उठला, जिना चढून वर गेला आणि एक कागद घेऊन खाली आला. गॅसचं बिल होतं, पिवळं पडत चाललेलं. वर कपाच्या बुडाचे दोन गोल डाग.

"हे वाचायचं राहिलंय," तो म्हणाला.

"हे कधीचं?"

"निवडणुकीचं. अठरा दिवस टेबलावर काढून ठेवलं होतं. तू शेजारच्या गल्लीत दिसायचीस. म्हटलं आज येईल, नाही तर उद्या. गल्लीतली माणसं विचारायची, मालक, मत कुणाला? मी म्हणायचो, थांबा, ताई येऊन सांगेल, मग ठरवू. शेवटी निम्मी माणसं मत द्यायला गेलीच नाहीत."

बाईंनी बिल हातात घेतलं, पण त्यांना अक्षर दिसेना. बावन्न घरं, एक्केचाळीस मतं. हा हिशेब करायला कागद लागत नव्हता.

"मला वाटलं, तू पंपवाल्याचा झालास."

"वाटलं? येऊन बघितलंस?" बारक्याचा आवाज या वेळी चढला नाही, आणि तेच बाईंना सोसवेना. "त्या बहिऱ्या म्हाताऱ्याच्या घरी सहा वेळा गेलीस. माझ्या दारात एकदा नाही आलीस, ताई. माझं घर तू बंद लिहिलंस आणि सरासरी लावून मोकळी झालीस."

बाई रडल्या, आणि बारक्याने त्यांना रडू दिलं. रुळावर टाकलेल्या चादरीचं एक टोक त्याने डोळे पुसायला पुढे केलं.

मग बाईंनी पिशवीतून चष्मा काढला, बिल उलटवलं, कोळशाचा महिन्याचा खप विचारला, गाडीचं डिझेल विचारलं. दहा मिनिटं लागली.

"तुला तोटा आहे, बारक्या. चांगला दणदणीत आहे."

"माहितीये. वाचता येतं मला."

"मग?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं," बारक्या म्हणाला. "आता शेजारच्यांना बोलावतो. बिलं घेऊन या म्हणतो. बसशील ना जरा वेळ?"

बाई बसल्या. पहिल्या घरची बाई बिल शोधून आणेपर्यंत त्यांनी चष्मा दोनदा पुसला.